सूर्य कोकणावरून दोनदा जातो आणि कर्कवृत्तावरून परत फिरतो

शाळेत भूगोलाच्या पेपरात भारताचा नकाशा यायचा आणि त्यात कर्कवृत्त दाखवा हा प्रश्न हमखास असायचा, आपण गुजरातपासून मिझोरामपर्यंत पट्टी लावून एक आडवी रेघ मारायची, बाजूला साडेतेवीस अंश लिहायचं, मार्क मिळाले, विषय संपला. ती रेघ तिथेच का, २० वर का नाही, ३० वर का नाही, हे कोणी विचारायचं नाही आणि कोणी सांगायचंही नाही. त्यात कोकणातल्या पोरांना ती रेघ म्हणजे पार लांबचं प्रकरण, तिकडे एमपीत वगैरे. खरं तर ती रेघ समजून घ्यायला कोकणासारखी जागा नाही, कारण ज्या गोष्टीमुळे ती पडलीय ती गोष्ट आपल्या अंगणात वर्षातून दोनदा होते, आणि त्यातली एक तर ऐन मे महिन्यात, जेव्हा सगळे मुंबईकर गावाला आलेले असतात.

साधारण ८ मेच्या आसपास, रत्नागिरीत, दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी अंगणातल्या मांडवाचा खांब बघा. खांब ओळंब्यात सरळ उभा असेल तर त्याला सावलीच नसते. म्हणजे असते, पण बरोब्बर त्याच्या बुडाखाली, बाजूला एक बोटभरही नाही. तुळशीवृंदावनाची सावली वृंदावनाच्या आत. तांब्या उपडा घालून ठेवला तर त्याची सावली त्याच्याच खाली. माडाची मात्र गंमत असते, झावळ्यांची सावली खोडाभोवती गोल पडते आणि मधोमध खोड उभं, पण माड बहुतेक वाकडेच असतात त्यामुळे प्रयोगाला खांब किंवा पाइपच बरा. सोलं वाळत घातलेली असतात, त्या सुपाच्या चारी कडांना सारखं ऊन लागलेलं दिसतं. पाचदहा मिनिटांत सावली पूर्वेकडे हळूच डोकं बाहेर काढते आणि खेळ खलास. यालाच पेपरवाले शून्य सावली दिवस म्हणतात.

बाराला का नाही, १२:३३ ला का? कारण आपल्या घड्याळातली वेळ आपली नाहीच, ती ८२.५ रेखांशावरची, प्रयागराजजवळची (म्हणजे पूर्वीच्या अलाहाबादजवळची) वेळ आहे. रत्नागिरी ७३.३ वर. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे आपल्याकडे सूर्य जवळजवळ ३७ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, आणि मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या तीनचार मिनिटं पुढे चालतो ती वजा केली की १२:३३.

आता हे वर्षातून दोनच दिवस का होतं ते बघू.

पृथ्वीचा आस सरळ उभा नाही, साधारण २३.४ अंशांनी कललेला आहे, आणि वर्षभर सूर्याभोवती फिरताना तो एकाच दिशेला, म्हणजे ध्रुवताऱ्याकडे, रोखलेला राहतो. महत्त्वाचं हेच आहे. कल बदलत नाही, दिशा बदलत नाही, फक्त पृथ्वी सूर्याच्या या बाजूची त्या बाजूला जाते. त्यामुळे जूनमध्ये उत्तरेकडचा भाग सूर्याकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेकडचा. आता कुठल्याही क्षणी पृथ्वीवर एकच ठिकाण असं असतं जिथे सूर्य बरोब्बर डोक्यावर आहे. हे ठिकाण दिवसभरात पृथ्वीला आडवी फेरी मारतं, आणि वर्षभरात वरखाली सरकतं. २० किंवा २१ मार्चला ते विषुववृत्तावर असतं, मग रोज थोडं थोडं उत्तरेला, आणि २१ जूनच्या सुमाराला ते सगळ्यात वर पोचतं. किती वर? जितका पृथ्वीचा कल तितकंच. २३ अंश २६ मिनिटं. तिथून वर ते जाऊच शकत नाही, तिथून परत फिरतं. ती परत फिरायची जागा म्हणजे कर्कवृत्त. दक्षिणेला हीच गोष्ट डिसेंबरात, ते मकरवृत्त.

म्हणजे या दोन रेघा कोणी बसून आखलेल्या नाहीत, पृथ्वी कललीय त्यातून त्या आपोआप पडल्यात. कल १० अंशच असता तर कर्कवृत्त कोचीवरून गेलं असतं आणि आपल्याकडे सूर्य डोक्यावर कधी आलाच नसता. कल शून्य असता तर या रेघाच नसत्या, ऋतूही नसते, बारा महिने तेच. आणि एक जाता जाता, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते म्हणून गरम होतं असं अजून भलेभले सांगतात, तर तसं काही नाही. सगळ्यात जवळ आपण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असतो, सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, १५.२ कोटी. सगळी करामत कलाची आहे.

ज्यांना हे नुसतं वाचून पटत नाही त्यांनी एक मीटरची काठी घ्या, सपाट जागेत सरळ रोवा, आणि सूर्य माथ्यावर असताना सावली मोजा. रत्नागिरीत २२ डिसेंबरला ती सावली जवळजवळ ८५ सेंटीमीटर लांब असते आणि उत्तरेकडे पडते. मार्चच्या एकवीस तारखेला ३० सेंटीमीटर, उत्तरेलाच. ८ मेला शून्य. आणि त्यानंतर सावली पलटते! २१ जूनला ११ सेंटीमीटर, पण दक्षिणेकडे. म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावरून पुढे निघून उत्तरेला गेलेला असतो. मग ४-५ ऑगस्टला परत शून्य आणि पुढे पुन्हा उत्तरेकडे. दिल्लीत हीच काठी २१ जूनला लावलीत तर ९ सेंटीमीटर सावली मिळेल पण ती उत्तरेलाच, कारण दिल्ली २८.६ अंशांवर आहे, कर्कवृत्ताच्या बाहेर, तिथे सूर्य डोक्यावर कधी येतच नाही आणि सावली कधी पलटत नाही. उष्णकटिबंधाच्या, म्हणजे कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्याच्या, आत की बाहेर, हे ठरवायला एवढी एक सावली पुरते, थर्मामीटर लागत नाही. थर्मामीटर लावला तर जूनमध्ये दिल्ली जास्तच उष्ण निघेल.

कोकणातल्या जुन्या घरात राहिलेल्यांना हे वेगळ्या पद्धतीने माहीत असतं. मे महिना लागला की उत्तरेकडच्या खिडकीतून सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन आत यायला लागतं, जी खिडकी वर्षभर सावलीतली म्हणून तिथे लोणच्याची बरणी ठेवलेली असते. मालवणकडची आत्या मेमध्ये बरणी उचलताना कुरकुरते, ''ह्या ऊन आता हयसर खयसून इला गो?'' तर आत्या, ते असं येतं की मेपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य उगवतोही पूर्वेपेक्षा बराच उत्तरेला, मावळतोही पश्चिमेपेक्षा उत्तरेला, आणि दुपारीही उत्तरेलाच असतो. जूनच्या शेवटी रत्नागिरीत तो पूर्वेपासून जवळपास २५ अंश डावीकडे उगवतो. त्यामुळे उत्तरेच्या भिंतीला ऊन लागत नाही हा जो नियम घर बांधताना सांगतात तो दिल्ली-पंजाबकडे निदान भर दुपारपुरता खरा, आपल्याकडे तीन महिने दुपारीही खोटा. त्या तीनपैकी दोन महिने ढगच असतात म्हणून आपल्या लक्षात येत नाही इतकंच. छतावर सोलर लावणारेही पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून लावतात ते याच हिशोबाने, उत्तरेला सूर्य असतो त्यातले बहुतेक दिवस पावसातच जातात.

आता मला या सगळ्यात जी गोष्ट सगळ्यात भारी वाटते ती सांगतो, आणि ती शाळेत कोणी सांगितली नव्हती. सूर्य वर सरकतो तो एकसारख्या वेगाने सरकत नाही.

वेंगुर्ल्यात शून्य सावली साधारण ४ मेला. मालवणात त्याच दिवशी नाहीतर फार तर दुसऱ्या. रत्नागिरी ८ मे, हरिहरेश्वर-श्रीवर्धन १२ मेच्या आसपास, अलिबाग १४, मुंबई १५-१६, आणि डहाणू २० मे. एखाद्या दिवसाचा फरक इकडेतिकडे धरा. म्हणजे वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंतचं जवळजवळ अख्खं कोकण, सरळ उत्तर-दक्षिण अंतर मोजलं तर ४५० किलोमीटरच्या वर, सूर्य १६ दिवसांत चढून जातो. दिवसाला साधारण २८ किलोमीटर. एसटीच्या मानाने हळू, पण बैलगाडीच्या मानाने ठीकच. मार्चमध्ये विषुववृत्त ओलांडताना तर त्याचा वेग याच्याही वर असतो, दिवसाला ४४ किलोमीटरच्या आसपास. आणि मग जसजसं कर्कवृत्त जवळ येतं तसतसा तो मंदावत जातो. शेवटचा एक अंश, फक्त एक, म्हणजे १११ किलोमीटर, तो चढायला त्याला परत तेवढेच १६ दिवस लागतात, ५ जूनपासून २१ जूनपर्यंत. आणि फिरल्यावर तोच एक अंश उतरायला तितकेच. म्हणजे जी ठिकाणं कर्कवृत्ताच्या लगत आहेत त्यांच्या डोक्यावर सूर्य महिनाभर जवळपास मुक्कामच ठोकतो. विषुववृत्तावर तो झपकन येतो आणि झपकन जातो, कोकणावरून मध्यम चालीने जातो, आणि तिथे वर जाऊन बसतो. त्यात तिकडे जूनमध्ये दिवसही मोठा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत साडेतेरा तासांच्या वर ऊन. जगातली सगळ्यात भाजून काढणारी ठिकाणं विषुववृत्तावर नाहीत, कर्कवृत्ताच्या आजूबाजूला आहेत, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

आपल्या लोकांना याचा अनुभव घरबसल्या नाही पण फोनवरून आहे. कोकणातल्या कितीतरी घरांतला एखादा तरी माणूस आखातात असतो. मस्कत २३.६ अंशांवर आहे, कर्कवृत्ताच्या जेमतेम १७ किलोमीटर उत्तरेला. २१ जूनला तिथे एक मीटरच्या काठीची सावली दुपारी तीन मिलिमीटरही भरत नाही. त्यामुळे चुलतभाऊ जूनमध्ये व्हिडिओ कॉलवर आपल्याकडचा पाऊस दाखव म्हणून मागे लागतो तेव्हा त्याला दाखवावा, पुण्य लागेल.

पण नुसतं ऊन जास्त म्हणून वाळवंट होत नाही, वाळवंटाला पाऊस नसावा लागतो, आणि तो का नसतो हे वेगळं प्रकरण आहे. विषुववृत्ताजवळ हवा तापते, वर चढते, चढताना थंड होऊन तिच्यातलं पाणी तिथल्या तिथे पावसाने पडून जातं. मग ती कोरडी झालेली हवा वरच्या वर उत्तरेला आणि दक्षिणेला सरकते आणि २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात खाली उतरते. खाली उतरणारी हवा दाबली जाते, दाबली की तापते, तापली की ढग धरत नाही. म्हणून नकाशावर दोन्ही वृत्तांवरून बोट फिरवा, एकामागोमाग एक वाळवंटं लागतात. वर सहारा, अरबस्तान, आपलं थर. खाली चिलीचं अटाकामा, नामिबियाचं नामिब, बोट्स्वानाचं कालाहारी, ऑस्ट्रेलियाचं अख्खं पोट.

मग प्रश्न असा की आपण कसे वाचलो? कारण आपण त्या पट्ट्याच्या अगदी दाराशी आहोत. ॲटलास काढा आणि रत्नागिरीवरून, म्हणजे १७ अंशांवरून, सरळ पश्चिमेला बोट न्या. समुद्र ओलांडला की पहिलं लागतं ओमानमधलं सलालाह, बरोब्बर आपल्याच अक्षांशावर. पुढे सुदानची वाळू. आणखी पुढे गेलात की माली देशातलं टिंबक्टू, १६.८ अंश, म्हणजे राजापूर आणि रत्नागिरीच्या मधे कुठेतरी. टिंबक्टूला वर्षाला पाऊस पडतो दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. रत्नागिरीला तीन हजारांच्या वर. मॉरिटानियाची राजधानी नुआकशॉट श्रीवर्धनच्या लाइनीत येते, तीसुद्धा समुद्रकिनाऱ्यावर, आणि तिथे वाळू थेट गावात घुसते. सूर्य सगळ्यांना सारखाच मिळतो, शून्य सावलीही त्याच तारखांना, आणि एकीकडे नारळ-सुपारीच्या बागा तर दुसरीकडे उंट.

फरक पाडलाय तो मान्सूनने. आणि मान्सून येतो तोही याच सूर्याच्या मागून. मे-जूनमध्ये सूर्य वर सरकला की राजस्थान-सिंधपासून गंगेच्या मैदानापर्यंतची जमीन तापते, तिथे हवेचा दाब कमी होतो, आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा सूर्याच्या मागोमाग उत्तरेला ओढला जातो. दक्षिण गोलार्धातून येणारे वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात, आणि नैर्ऋत्येकडून अख्ख्या अरबी समुद्राचं पाणी पिऊन येतात. आले की समोर सह्याद्री. हजार-बाराशे मीटरची भिंत, वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नाही, चढला की थंड झाला, थंड झाला की कोसळला. म्हणून चिपळूण-खेडला धोधो आणि घाट चढून पलीकडे माण-खटावला टँकर. आफ्रिकेतही पावसाचा पट्टा उन्हाळ्यात वर सरकतो, पण त्या वाऱ्यांना वाटेत ना असा समुद्र मिळतो ना अशी भिंत, त्यामुळे टिंबक्टूपर्यंत पोचेपोचेपर्यंत त्यात काही उरत नाही. सलालाहला मात्र आपल्याच मान्सूनची एक कड लागते, जून ते सप्टेंबर तिथे झिमझिम पाऊस आणि धुकं असतं, डोंगर हिरवे होतात, आणि अख्ख्या आखातातून लोक पाऊस बघायला तिथे जातात. आपण आंबोलीला जातो तसे.

याच मान्सूनमुळे आपला सगळ्यात तापलेला महिना जून नसून मे असतो. २१ जूनला दिवस मोठा, तेरा तासांच्या वर, पण ढगांनी छत घातलेलं. आणि ऑगस्टमधली दुसरी शून्य सावली? ती रत्नागिरीत ४-५ ऑगस्टला होते, वेळ बारा त्रेचाळीसच्या सुमाराला, पण ऊन पडलं तर ना. नारळी पौर्णिमेच्या आगेमागे एखादी उघडीप मिळाली तर नशीब. डहाणूवाल्यांची तर २३-२४ जुलैला, तेव्हा आभाळ बघायलाच नको.

बरं, रेघेकडे परत येऊ. भारतात कर्कवृत्त आठ राज्यांतून जातं, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मिझोराम. पाठ असेलच. यात राजस्थानचा वाटा अगदी थोडका, बांसवाड्याकडचं टोक तेवढं. मही नदी ही रेघ दोनदा ओलांडते, एकदा उत्तरेला जाताना आणि वळसा घालून परत येताना. आणि कोकणातल्या माणसाला कर्कवृत्त ओलांडायचं असेल तर सोपं आहे, रत्नागिरीला मंगला एक्सप्रेसमध्ये बसा, दिल्लीला जा. कल्याण, भुसावळ, इटारसी करत गाडी भोपाळला जाते आणि भोपाळ सोडल्यावर सांची यायच्या थोडं आधी रेघ ओलांडते. काही कळत नाही, धक्का बसत नाही, चहावाला चहा विकत असतो. रस्त्याने गेलात तर भोपाळ-विदिशा रोडवर मात्र कर्कवृत्ताची पाटी आहे, रस्त्यावर आडवे पट्टे मारलेत, लोक एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात. उज्जैनही रेघेच्या जवळच, थोडं दक्षिणेला, २३.२ वर. जुने ज्योतिषी उज्जैनला शून्य रेखांश मानायचे, म्हणजे आडवी रेघ आणि उभी रेघ दोन्ही तिथेच जवळपास भेटायच्या, आणि सवाई जयसिंगाने तिथे वेधशाळा बांधली ती काही उगाच नाही.

भारताबाहेर पडलं की पूर्वेला बांगलादेश, म्यानमार, चीन, तैवान, मग पॅसिफिक ओलांडून मेक्सिको, बहामाज, मग सहाराची रांग, इजिप्त, सौदी, यूएई, ओमान. एकूण लांबी ३६,७८८ किलोमीटर. विमानाने जगप्रदक्षिणेचा अधिकृत विक्रम करायचा असेल तर निदान एवढं अंतर कापावंच लागतं असा नियम आहे, नाहीतर कोणीही ध्रुवाजवळ जाऊन छोटी गिरकी मारून येईल. मकरवृत्तावर देश कमी, समुद्रच जास्त. ब्राझीलचं साओ पावलो हे महाप्रचंड शहर मात्र बरोबर त्या रेघेवर बसलंय आणि तिथे वाळवंट नाही, कारण तिथेही समुद्रावरचा वारा डोंगराला धडकतो. आपलीच गोष्ट, आरशातली.

दाभोळ, बाणकोट, म्हसळा भागातल्या मुसलमान वस्त्यांमध्ये विचारलंत तर याच सूर्याचा आणखी एक उपयोग काही जाणकार सांगतील. मक्का २१.४ अंशांवर आहे, कर्कवृत्ताच्या आत, म्हणजे तिथेही सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर माथ्यावर येतो, २७-२८ मेला आणि १५-१६ जुलैला. त्या क्षणी सूर्य काबाच्या अगदी वर असतो, म्हणजे जगात जिथून जिथून तो दिसतोय तिथून सूर्याची दिशा हीच किबल्याची, म्हणजे नमाजाला तोंड करायची, दिशा. आपल्या घड्याळात ही वेळ मेमध्ये दुपारी २:४८, जुलैमध्ये २:५७. काठी रोवायची, सावलीच्या उलट दिशेला तोंड करायचं, झालं. होकायंत्र नको, ॲप नको. जुलैत परत ढगांचा घोळ, त्यामुळे कोकणात मेचीच तारीख कामाची.

सावलीवरून मोठं काम काढायची आयडिया मात्र फार जुनी आहे. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये एराटोस्थेनिस नावाचा ग्रीक विद्वान होता, अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख. त्याला कळलं की दक्षिणेला सायीन गावात, म्हणजे आजच्या आस्वानला, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी दुपारी सूर्य विहिरीच्या तळाशी दिसतो. म्हणजे आपल्या भाषेत शून्य सावली. त्याच दिवशी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते, आणि तिचा कोन त्याने मोजला तर भरला ७.२ अंश, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. मग दोन गावांतल्या अंतराला पन्नासने गुणलं की पृथ्वीचा घेर! त्याचं उत्तर आलं अडीच लाख स्टेडिया, आणि स्टेडिया नक्की केवढा यावर वाद असला तरी उत्तर खऱ्याच्या बऱ्यापैकी जवळ होतं यावर वाद नाही. एक काठी, एक विहीर आणि थोडी भूमिती. हाच प्रयोग आज वेंगुर्ल्याच्या आणि डहाणूच्या शाळेतल्या पोरांनी एकाच दिवशी काठ्या रोवून, व्हॉट्सॲपवर सावलीची मापं एकमेकांना पाठवून करण्यासारखा आहे, ४ अंशांचा फरक मिळतो, भरपूर झाला.

आता ज्यांना राशी-पंचांगात रस आहे त्यांच्या डोक्यात एक प्रश्न कधीचा वळवळत असेल. सूर्य मकरवृत्तावर २१-२२ डिसेंबरला असतो, तिथून उत्तरेला फिरतो, मग मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला कशी? तर पृथ्वीला आणखी एक सवय आहे. भोवरा वेग कमी झाला की डोलायला लागतो ना, त्याची आर जागेवर असते पण वरचं टोक हळूहळू गोल फिरतं, तसा पृथ्वीचा आसही डोलतो, एक फेरा पुरा व्हायला जवळजवळ २६ हजार वर्षं लागतात. याला परांचन म्हणतात. याने कल बदलत नाही, रेघ हलत नाही, पण सूर्य रेघेवर पोचतो त्या दिवशी त्याच्या मागे कुठले तारे असतात ते बदलत जातं, साधारण ७२ वर्षांत एक अंश. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीकांच्या काळात जूनमध्ये सूर्य फिरायचा तेव्हा तो कर्क राशीत असायचा, डिसेंबरात मकर राशीत, म्हणून वृत्तांना ती नावं पडली आणि चिकटली. आज २१ जूनला सूर्याच्या मागे वृषभ-मिथुनाची शीव असते. आणि आपली संक्रांत ताऱ्यांच्या हिशोबाने असल्यामुळे ती ताऱ्यांसोबत पुढे सरकली, अयन, म्हणजे सूर्याचं प्रत्यक्ष परत फिरणं, तिथेच राहिलं, आता दोघांत २३-२४ दिवसांची फट.

ही फट नक्की किती यावर आपल्याकडे पंचांगवाल्यांत जोरदार भांडणं झालीत, राशीचक्र कुठल्या ताऱ्यापासून मोजायचं, चित्रा की रेवती. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना या विषयात चांगलीच गती होती आणि त्यांच्या नावाचं पंचांग रेवतीच्या बाजूचं. आमच्या भागात काही घरांत ते अजून पाळतात आणि त्यांची संक्रांत १० जानेवारीलाच होऊन जाते, बाकीचे लोक तिळाचे लाडू वळत असतात तेव्हा यांचे संपलेले असतात. कोण बरोबर यात मी पडत नाही. पण सूर्य प्रत्यक्षात उत्तरेला कधी फिरला हे बघायचं असेल तर पंचांग बाजूला ठेवून काठीची सावली मोजा, ती डिसेंबरातच सांगते.

आणि शेवटी रेघेबद्दल एक गोष्ट जी बहुतेकांना माहीत नसते, रेघ स्वतः सरकतेय. परांचनाने नव्हे, तर खुद्द कल बदलतोय म्हणून. तो सुमारे ४१ हजार वर्षांच्या फेऱ्यात २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान कमीजास्त होतो आणि सध्या कमी होण्याच्या वाटेवर आहे. त्यामुळे कर्कवृत्त वर्षाला साधारण १५ मीटर दक्षिणेला सरकतंय, दोन नारळांच्या झाडांमधल्या अंतराच्या दुप्पट म्हणा. एराटोस्थेनिसच्या काळापासून ते तीसेक किलोमीटर खाली आलंय, आस्वान तेव्हाही रेघेच्या थोडं उत्तरेलाच होतं, आता अजून लांब पडलंय. तैवानमध्ये च्यायी इथे १९०८ पासून कर्कवृत्ताचं स्मारक आहे, रेघ त्याच्या खालून निघून गेलीय. मेक्सिकोत एका हायवेच्या कडेला तर रेघ कुठल्या साली कुठे होती त्याचे वर्षवार फलक लावलेत.

भोपाळ रोडवरच्या पाटीचंही तेच होणार, आज ना उद्या खांब उपटून दक्षिणेला न्यावा लागेल. याच वेगाने गेलं तर साधारण तेराशे-चौदाशे वर्षांत रेघ भोपाळपर्यंत खाली उतरेल आणि भोपाळ उष्णकटिबंधाच्या बाहेर पडेल, मग त्यांना शून्य सावली बघायला नर्मदापुरमकडे (पूर्वीच्या होशंगाबादकडे) उतरावं लागेल. अहमदाबादचा नंबर त्यानंतर दीड-दोन हजार वर्षांनी. कोकणाला मात्र काही होत नाही, कल कितीही कमी झाला तरी २२ च्या खाली जात नाही आणि आपलं वरच्या टोकाजवळचं डहाणूसुद्धा २० च्या आत आहे.